तांदळाच्या डब्यातली किल्ली

"मॅडम, परीक्षा दिली तिने आणि झोप उडालीय माझी. हे नॉर्मल आहे का?"

मी समुपदेशक आहे. मे महिन्यात हा प्रश्न माझ्या कानावर आठवड्यातून दोन-तीनदा तरी पडतो. विचारणाऱ्या बहुतेक आया असतात. वडील येतात ते "हिला जरा समजवा" म्हणून बायकोला पुढे करून, आणि मग तिच्या शेजारी बसून स्वतःच पाय हलवत राहतात. 'हो, नॉर्मल आहे' हे उत्तर खरं आहे. पण तेवढंच सांगून मी एकदा एका बाईंना घरी पाठवलं होतं आणि ते चुकलं होतं. त्यांचीच ही गोष्ट. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, मायलेकी दोघींना विचारूनच लिहितेय.

सुजाताताई माझ्याकडे आल्या ते २०२४ चा मे महिना होता. नाशिकला सिडकोत घर, चार मजली इमारतीत सगळ्यात वरचा फ्लॅट. नवरा अंबडच्या एमआयडीसीत शिफ्टला. मुलगी रेवती, दहावी. बोर्डाचा शेवटचा पेपर २६ मार्चला झालेला. एप्रिल सुरळीत गेला. मामाकडे जाऊन आल्या, आंबे झाले. मे उजाडला आणि व्हॉट्सॲपवर निकालाच्या तारखा फिरायला लागल्या. 'उद्या दुपारी १ वाजता' असा मेसेज त्यांना तीनदा आला. तिन्ही वेळा खोटा. तिन्ही वेळा त्यांनी सकाळपासून देवापुढे दिवा तेवत ठेवला आणि त्यातल्या एका दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरून डाळ करपवली.

छातीत धडधड, ॲसिडिटी, पहाटे तीनला टक्क जाग. आणि मुलीबद्दल तक्रार अशी, की तिला कशाचं काही नाही. अकरापर्यंत लोळते, मोबाइलवर बघून खिदळते. "आम्ही इथे जीव मुठीत धरून बसलोय आणि ही वेबसिरीज बघते!"

मी माझं नेहमीचं सांगितलं. श्वास कसा सोडायचा ते करून दाखवलं. चहा-कॉफी कमी करा म्हटलं. निकालाची तारीख बोर्ड जाहीर करतं, शाळेकडून कळतं, तोवर फॉरवर्ड उघडूसुद्धा नका. मुलीची बेफिकिरी हा त्या वयाचा बचाव असतो, तिकडे फार लक्ष देऊ नका. बाई मान डोलावून गेल्या. मला वाटलं, झालं काम.

पाचव्या दिवशी परत आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "तुम्ही सांगितलेला श्वास करते हो मी. पण तो करताना तेच डोळ्यांसमोर येतं."

'तेच' म्हणजे काय, हे मी पहिल्या वेळी विचारलंच नव्हतं. टक्केच असणार असं गृहीत धरून बसले होते. आताही थेट विचारलं असतं तर त्यांनी टक्केच म्हटलं असतं, म्हणून वेगळं विचारलं. "तीनला जाग येते तेव्हा तुम्ही नेमकं काय काय करता? उठल्यापासून सांगा."

"पाणी पिते. मग रेवतीच्या खोलीत डोकावते. पंख्याच्या आवाजात कळत नाही म्हणून जवळ जाऊन बघते, श्वास चाललाय ना. मग स्वयंपाकघरात जाते आणि तांदळाच्या डब्यात हात घालून बघते."

"तांदळाच्या डब्यात?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "गच्चीची किल्ली तिथे ठेवलीय."

वरच्या मजल्यावर राहतात म्हणून इमारतीच्या गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असायची, दाराजवळच्या खिळ्याला. मे महिना म्हणजे वाळवणांचे दिवस. समोरच्या मावशी कुरडयांचा चीक शिजवून किल्ली मागायला आल्या, तर ह्यांनी चक्क "सापडत नाहीये" म्हणून सांगितलं. मावशींना शेवटी गॅलरीत पलंग टाकून त्यावर कुरडया घालाव्या लागल्या. नवऱ्यालाही पत्ता नव्हता. गव्हाच्या चिकाचं ते पातेलं सांगताना त्यांना हसू फुटलं आणि हसता हसताच रडायला आलं.

दरवर्षी निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात कुठल्यातरी गावची एक बातमी असते. चार ओळींची. आपण ती वाचतो, 'अरेरे' म्हणतो, पान उलटतो. सुजाताताईंना ते पान उलटता येत नव्हतं. त्यांना टक्क्यांची काळजी नव्हतीच. टक्के हा शब्द सांगता येतो, शेजारणीला, बहिणीला, नवऱ्याला. दुसरा शब्द तोंडातून निघत नाही. निघाला तर खरा होईल अशी भीती.

सगळ्याच पालकांच्या पोटात हे असतं असं मी म्हणणार नाही. काहींना निव्वळ टक्क्यांचंच असतं. माझ्याकडे एक वडील अकरावीच्या मागच्या तीन वर्षांच्या कटऑफचं एक्सेल शीट घेऊन आले होते, रंग वगैरे भरून. त्यांची भीती तेवढीच होती आणि ती त्या शीटमध्ये नीट मावत होती. पण चिंता जेव्हा रात्री तीनला उठवून मुलीच्या नाकाशी हात न्यायला लावते, तेव्हा ती गुणांची नसते. हे मला पहिल्याच भेटीत ओळखता यायला हवं होतं.

"रेवतीला विचारलंत?"

"अहो, असं कसं विचारायचं? तिच्या डोक्यात नसलं तर आपणच घालायचं का?"

हा समज भल्याभल्यांचा असतो, शिक्षकांचाही. विचारल्यामुळे हा विचार डोक्यात शिरत नाही. याचा अभ्यास झालेला आहे आणि अनुभवही तोच आहे. असलाच, तर कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटतो. तरी मी आधी खुंटा हलवून बघितला. जेवण कमी झालंय? मैत्रिणी तुटल्यात? आवडीच्या वस्तू कुणाला देऊन टाकतेय? 'मी नसले तर बरं' असं काही बोलली, लिहिलं? पूर्वी कधी स्वतःला इजा? सगळ्याला उत्तर 'नाही'. एकाचंही 'हो' असतं तर मी मुलीला त्याच दिवशी बोलावून घेतलं असतं, मनोविकारतज्ज्ञांना फोन केला असता आणि किल्ली तांदळातच राहू द्या म्हटलं असतं. तशा वेळी गच्ची, औषधं, फवारणीच्या बाटल्या हाताशी न ठेवणं हा भित्रेपणा नाही, त्याने जीव वाचतात. आणि रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पालकांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो.

मग आम्ही तालीम केली. मी रेवती झाले. सुजाताताईंनी घसा खाकरला आणि म्हणाल्या, "तू असं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना गं?"

"नाही," मी म्हणाले. आणि गप्प बसले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मग आता?"

"आता काही नाही. तुम्ही 'नाही' मागितलंत, तिने दिलं."

तीन-चार वेळा केल्यावर वाक्य जमलं. 'निकालाचा विचार करून कधी जगूच नये असं वाटतं का तुला?' आणि त्यानंतर आपण गप्प. ती बोलेपर्यंत गप्प. हे दुसरं त्यांना जास्त अवघड गेलं. विचारायचं कधी, हे त्यांनीच सुचवलं: केसांना तेल लावताना. ती पुढ्यात पाटावर असते, तोंड दिसत नाही. मी इतकी वर्षं हे काम करतेय, मला नसतं सुचलं.

पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघींचं जुळलं. रविवारी सकाळी तेलाची वाटी घेऊन बसल्या. वाक्य आलं, आवाज कापला, पण पूर्ण आलं. रेवती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, म्हणून किल्ली सापडत नव्हती?"

जगू नये असं तिला वाटत नव्हतं. पण भीती होती, आईइतकीच. गणिताचा दुसरा पेपर, भूमितीचा, वाईट गेला होता. एक अख्खा प्रश्न राहिला होता आणि हे तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. "तू रात्री येतेस ते कळतं मला. मी झोपल्याचं सोंग घेते. बाबांची नाइट असते. मी पण रडत बसले तर तुला कोण बघणार?"

मी ज्याला 'त्या वयाचा बचाव' म्हणून झटकून मोकळी झाले होते, ते हे होतं. ती वेबसिरीज आईसाठी चालली होती.

पुढच्या वेळी तिघंही आले. रेवतीचे बाबा दाराशीच म्हणाले, "मला काही टेन्शन नाही हां," आणि गाडीची किल्ली शेवटपर्यंत बोटावर फिरवत बसले. त्या घरात एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारलेलाच नव्हता: नापास झाली तर? म्हणून मीच विचारला. कागदावर मांडलं. गणिताचे दोन पेपर चाळीस-चाळीसचे, वीस शाळेचे, उत्तीर्ण व्हायला शंभरात ३५. पहिला पेपर चांगला गेलाय, शाळेचे वीस जवळपास आहेतच, म्हणजे भूमिती पूर्ण बुडाली तरी गाडं अडत नाही. सहा विषयांतले चांगले पाच धरून टक्के काढतात, तेव्हा गणित फारच पडलं तरी ते बाजूला राहील. आणि समजा अडलंच, तर निकालानंतर पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो.

"मग एवढं काय होतं?" बाबा म्हणाले. मायलेकींनी त्यांच्याकडे असं बघितलं की किल्ली फिरायची थांबली.

निकालाच्या दुपारचंही ठरवलं. ऑनलाइन निकाल बघायला बैठक क्रमांक लागतो आणि आईचं नाव. हे मला फार वेळा जाणवतं: आईचं नाव टाकल्याशिवाय ते पान उघडत नाही, आणि मग आयांनाच म्हणायचं, तुम्ही यात गुंतू नका! रेवतीला निकाल आधी एकटीने बघायचा होता. दहा मिनिटं. सुजाताताईंना ते सोसेना. बरीच घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं, की नंबर रेवतीने टाकायचा, नाव आईने स्वतःच्या हाताने टाकायचं आणि खोलीबाहेर यायचं. दार लोटलेलं, कडी नाही. जळगावचे मामा, आत्या, क्लासचे सर, सगळ्यांचे फोन बाबा घेणार आणि "संध्याकाळी सांगतो" एवढंच म्हणणार. त्यांना स्वतःला काहीतरी काम मिळाल्याचं बरंच वाटलेलं दिसलं.

हे सगळं मी फार शहाणपणाने सांगते, पण माझ्या मुलाच्या बारावीच्या निकालाला, एक वाजायला पाच मिनिटं असताना, मी स्टुलावर चढून फळीवरचे सगळे डबे खाली काढले होते. पोरगा निकाल घेऊन घरभर मला शोधत होता आणि मी हळदीच्या डब्याचं झाकण घासत होते.

निकाल २७ मेला लागला, सोमवारी. सुजाताताईंचा फोन मला अडीचच्या सुमारास आला. एक वाजता घरचं नेट रांगत होतं. पान उघडल्यावर रेवतीने नंबर टाकला, आईने नाव टाकलं, आणि पान काही पुढे जाईना. परत टाकलं, परत नाही. तिसऱ्यांदा रेवतीने वाकून बघितलं. "आई, तू स्वतःच्या नावाचं स्पेलिंग चुकवतेयस." मग दोघी हसत सुटल्या, आणि बाहेर जायचं राहूनच गेलं.

"म्हणजे ठरलेलं मोडलं," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

चालेल म्हटलं. झोपेचं विचारलं, तर तीनची जाग अजून येते म्हणाल्या. पण खोलीत न जाता पाणी पिऊन परत आडव्या होतात. किल्ली मावशींकडे आहे. पाऊस यायच्या आत दुसरा घाणा करायचा म्हणून त्यांनी ती ठेवूनच घेतलीय, मागितली तरी देत नाहीत.

"आणि टक्के?" शेवटी मलाच विचारावं लागलं.

"अगंबाई, ते सांगितलंच नाही का? ७१.४०. गणितात ५५."