सही १९९६ची, चित्रकार १९८८ला गेलेला

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त होऊन भुसावळलाच राहतो. मुलाने ज्याँ-मिशेल बास्किया या अमेरिकन चित्रकाराची 'ओरिजिनल प्रिंट' चाळीस हजारांना घेतली. तीन टोकांचा मुकुट, खाली पेन्सिलीने त्याची सही, ३७/१०० (म्हणजे शंभरातली सदतिसावी प्रत), साल १९९६. सोबत सर्टिफिकेट. मला तर पोराने भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढल्यासारखं दिसतं. मुलगा म्हणतो, किंमत वाढेल. वाढेल का हो?

उत्तर : भाऊ, चित्र राहू द्या, आधी साल वाचा. बास्किया १२ ऑगस्ट १९८८ला गेला, अवघा २७ वर्षांचा. मग १९९६मध्ये सही करायला कोण आलं होतं? तो गेल्यावर वारसांनीही प्रिंटा काढल्या, त्या अस्सल समजतात. पण त्यांच्या पाठीवर वडिलांची, नंतरच्यांवर बहिणींची सही असते. तुमची उलटून बघा.

रेघोट्यांचं तुम्ही चुकीचं नाही बोललात. अल डियाझ या मित्राबरोबर 'सेमो' नावाने मॅनहॅटनच्या भिंती रंगवूनच त्याची सुरुवात झाली. २०१७मध्ये त्याचं कवटीचं चित्र ११ कोटी ५ लाख डॉलरला गेलं. पण ते हाताने रंगवलेलं कॅनव्हास. विकणारे तो आकडा सांगतात आणि हातात कागद देतात.

हयातीत त्याने प्रिंटा फार थोड्या केल्या. लहानपणी मोटारीखाली सापडून दवाखान्यात पडला होता, तेव्हा आईने शरीररचनेचं जाड पुस्तक आणून दिलं. त्यातली हाडं १९८२च्या 'अ‍ॅनाटॉमी'त उतरली : १८ स्क्रीनप्रिंट, प्रत्येकीची एडिशन १८, म्हणजे फक्त अठरा प्रती. पुढल्या वर्षीच्या 'बॅक ऑफ द नेक'ची २४. असला माल चाळीस हजारांत? नाही भो.

मी जळगावात बत्तीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या, तेही स्क्रीनवरच. ताणलेल्या जाळीवरून रबरी पट्टीने शाई ओढायची, रंगागणिक जाळी वेगळी. शाईचा थर बोटाला किंचित लागतो. भिंगाखाली निळे-गुलाबी-पिवळे ठिपके गुंतलेले दिसले, तर समजा ऑफसेट मशीनवर छापलेलं साधं पोस्टर आहे. सर्टिफिकेटला भुलू नका. बास्कियाची चित्रं अस्सल की नकली ते तपासणारी वारसांची समिती २०१२मध्येच बंद झाली. पक्कं बिल असेल तर मुलाला आजच पैसे परत मागायला सांगा.

परत मिळेपर्यंत ती कुलरसमोर मात्र टांगू नका. ओल्या वाऱ्याने कागद पापडासारखा फुगतो, आणि मग विकणारा म्हणेल, खराब तुम्हीच केली.