शंका-समाधान : वारंवार उलटणाऱ्या गाई आणि संकराचा हिशेब

प्रश्न (सिन्नर) : आमच्या होल्स्टीन या विदेशी जातीच्या संकरित गाई दूध भरपूर देतात, मात्र उन्हाळ्यात माज (गाभ राहण्याच्या काळाची लक्षणे) नीट दाखवत नाहीत, भरवल्या तरी उलटतात (गाभ न राहता पुन्हा माजावर येतात) आणि दगडीही (कासेची सूज) वरचेवर होते. गीर या देशी जातीचे रेत (वीर्य) वापरावे का? शेजारी जर्सी ही दुसरी विदेशी जात सुचवतात.

उत्तर : आज उलटणाऱ्या गाईवर रेताची जात बदलणे हा उपाय नव्हे. तिच्या गर्भाशयाची तपासणी, नियमित खनिज मिश्रण आणि माज सुरू झाल्यापासून साधारण १२ तासांनी रेतन, हे आधी पाहावे. जात बदलल्याचा लाभ मिळतो तो तिच्या पोटी येणाऱ्या कालवडीला.

प्रजननक्षमतेची आनुवंशिकता (आईबापांकडून पुढे उतरण्याचे प्रमाण) कमी असल्यामुळे हा गुण केवळ निवडीने फार सावकाश सुधारतो. परंतु भिन्न जातींच्या पहिल्या संकरात तो ठळकपणे वाढतो, आणि यालाच संकरजोम म्हणतात. त्यानंतर दर पिढीला होल्स्टीनच भरत गेल्यास तो निम्म्याने घटतो, म्हणजे देशी गाईपासून सुरुवात केल्यास चौथ्या पिढीत होल्स्टीनचा वाटा ९३.७५ टक्के होतो आणि जोम अवघा एक अष्टमांश उरतो. तुमच्या गोठ्यात बहुधा हेच झाले असावे.

समजा, गाईत होल्स्टीनचा वाटा ८७.५ टक्के आहे. तिला जर्सी भरवल्यास फॅट वाढेल, थोडा जोमही मिळेल, पण कालवडीतील विदेशी वाटा ९३.७५ टक्क्यांवर जाईल आणि सिन्नरच्या उन्हाचा प्रश्न बराचसा तसाच राहील. गीर भरवल्यास होल्स्टीनचा वाटा ४३.७५ टक्क्यांवर येतो. उष्णता आणि गोचीड सोसण्याची ताकद वाढते, दूध मात्र आईपेक्षा कमी भरते. म्हणून सरसकट सगळ्या गाईंना गीर न भरवता ज्या वारंवार उलटतात त्यांनाच भरवावे, आणि त्यांच्या कालवडींना पुढे ५० ते ६२.५ टक्के विदेशी वाट्याच्या संकरित वळूचे रेत द्यावे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी (होल्स्टीन ५०, जर्सी २५, गीर २५ टक्के) हे प्रमाण ठरवून केलेल्या संकराचे जवळचे उदाहरण आहे. कानातील बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकापुढे प्रत्येक रेतनाची नोंद नसेल, तर हा सारा हिशेब अंदाजपंचे होतो.

दगडीसाठी संकरावर विसंबू नये. कोरडी जमीन आणि धार काढल्यावर सड (कासेची बोंडे) औषधात बुडवणे यांना पर्याय नाही.

प्रश्न (इगतपुरी) : डांगी गाईला होल्स्टीन भरवावी का?

उत्तर : आमच्या मते नाही. तेलकट कातडीमुळे घाटातील पाऊस सोसणारी आणि भातखाचरात राबणारे बैल देणारी ही जात मुळात आपल्याच भागातील आहे; तिला शुद्ध डांगी वळूच दाखवावा आणि दुधासाठी वेगळी संकरित गाय पाळावी.