भारतीय ई-स्पोर्ट्स संघांनी आपले खेळाडू परदेशातील स्पर्धांना पाठवावेत का?

होय, पाठवावेत. जो संघ पात्र ठरूनही केवळ खर्चाकडे पाहून खेळाडूंना घरी बसवतो, त्याने स्वतःला व्यावसायिक म्हणवून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण प्रश्नात लिहिले आहे की आपले संघ परदेशात पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गारद होतात, बक्षिसाची रक्कम विमानाच्या तिकिटांनाही पुरत नाही, आणि ऑनलाइन सामने व देशातल्या स्पर्धा असताना हा खटाटोप कशासाठी करायचा. हेच तीन मुद्दे, जवळजवळ याच शब्दांत, मी 2019 साली आमच्या संघाच्या मालकांच्या तोंडून ऐकले होते. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

मी तेव्हा पुण्यातल्या एका काउंटर-स्ट्राइक (पाच विरुद्ध पाच जणांनी संगणकावर खेळायचा नेमबाजीचा खेळ) संघाचा व्यवस्थापक होतो. पाच मुले होती. दोन पुण्याची, एक नाशिकचा, एक औरंगाबादचा आणि सर्वांत लहान, नुकताच अठरा पूर्ण झालेला, सांगलीचा. दक्षिण आशियाच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून आम्ही क्वालालंपूरच्या एका स्पर्धेसाठी पात्र ठरलो. सांगलीच्या मुलाकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. त्याचे वडील एसटीत वाहक होते. पोलीस पडताळणीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो असता त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, हा तिकडे जाऊन नेमकं काय करणार?" मी त्यांना सांगितले की इथे जे करतो तेच, फक्त समोरच्या माणसाला बघत करणार. हे वाक्य मी सहज बोलून गेलो होतो, परंतु परदेशात खेळण्याचा सारा अर्थ त्यातच आहे हे मला पुढे समजले.

सहा जणांच्या त्या दौऱ्याचा एकूण खर्च सुमारे ₹2,30,000 होता. मी सामन्याच्या तीन दिवस आधी पोहोचण्याचा प्रस्ताव ठेवला होता. मालकांनी दोन रात्री कापल्या. तीन खोल्या, दोन रात्री, प्रत्येकी ₹4,500, म्हणजे ₹27,000 वाचले. मी त्यांच्याशी पुरेसा भांडलो नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी कबूल करतो. आम्ही स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आमचा पहिला सामना होता. मलेशियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. म्हणजे पहाटे चारला झोपून दुपारी उठण्याची ज्यांना वर्षानुवर्षे सवय, ती मुले भारतातल्या साडेसात वाजता खुर्चीवर बसली होती.

सामना मंगोलियाच्या एका संघाशी होता. बाहेर घाम फुटेल असा उकाडा आणि सभागृहात मात्र वातानुकूलन इतके कडक की पहिल्या दहा मिनिटांत मुलांची बोटे आखडली. आमचा नाशिकचा मुलगा प्रत्येक फेरी संपली की हात मांडीखाली दाबून धरत होता. समोरच्या मुलांच्या खिशात ऊब देणाऱ्या छोट्या पुड्या होत्या, त्या ते दोन फेऱ्यांच्या मध्ये मुठीत धरत. सांगलीचा मुलगा घरी संपूर्ण कोपर टेबलावर टेकवून माऊस चालवायचा. तिथले टेबल अरुंद होते आणि खुर्चीचे हात उंच होते, त्यामुळे त्याचा हात मनगटापासून अधांतरी राहिला आणि ज्या अचूकतेसाठी आम्ही त्याला संघात घेतले होते ती अचूकताच हरवली. तिथले पडदे 240 हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला 240 वेळा चित्र बदलणारे, होते. आमच्यापैकी तिघांनी तोवर 144 हर्ट्झच्या पुढचा पडदा वापरलेला नव्हता.

त्याहून मोठी अडचण खेळाचीच होती. आम्ही सिंगापूरच्या सर्व्हरवर साठ-सत्तर मिलिसेकंदांच्या पिंगने, म्हणजे इंटरनेटवरून संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या तेवढ्या उशिराने, सराव केलेला. अशा पिंगवर कोपऱ्यातून झटकन बाहेर पडणाऱ्याला फायदा मिळतो, कारण दबा धरून बसलेल्याला तो उशिरा दिसतो. आमची सारी आक्रमकता या उशिरावर उभी होती आणि ते आम्हालाच ठाऊक नव्हते. लॅनवर, म्हणजे एकाच सभागृहात तारेने जोडलेल्या संगणकांवर, पिंग नगण्य असतो, त्यामुळे बाहेर पडणारा लगेच दिसतो आणि मरतो. ही गोष्ट पुण्यात बसून कितीही व्हिडिओ पाहिले तरी अंगात मुरत नाही. शिवाय आमचा कर्णधार मूळचा हळू बोलणारा. घरून डिस्कॉर्ड या बोलण्याच्या अ‍ॅपवर त्याचा आवाज पुरायचा. तिथे पलीकडचे पाच जण प्रत्येक बळीनंतर ओरडत होते आणि आमच्या कर्णधाराच्या सूचना निम्म्या वेळी कोणाच्याच कानावर पोहोचत नव्हत्या. आम्ही 16-5 असे हरलो, म्हणजे त्यांनी सोळा फेऱ्या जिंकल्या आणि आम्ही पाच.

एक प्रसंग वेगळा सांगितला पाहिजे. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या स्पर्धेत एका भारतीय संघाचा खेळाडू संगणकावर फसवणुकीचे सॉफ्टवेअर चालवताना पकडला गेला होता आणि ही बातमी जगभर पसरली होती. आम्ही क्वालालंपूरला पोहोचलो तेव्हा त्याला वर्षही झाले नव्हते. संगणकांची तपासणी सर्वच संघांची होत होती, परंतु आमची पाळी आली तेव्हा पंचांनी आणखी एका अधिकाऱ्याला बोलावून घेतले आणि दोघांनी मिळून आमच्या माऊसचे ड्रायव्हर, फोल्डर, सारे काही पाहिले. सांगलीच्या मुलाने मला हळूच विचारले, "दादा, हे आपल्यावरच नजर ठेवून आहेत का?" मी त्याला खोटे सांगितले नाही. एकाने लावलेला डाग धुऊन काढायचा असेल तर दुसऱ्या पाच जणांनी त्याच सभागृहात, त्याच पंचांसमोर, स्वच्छ खेळून दाखवावे लागते. घरी बसून तो जात नाही.

आता दुसरा दिवस. मुले रात्री नऊलाच झोपली, कारण थकून गेली होती. सकाळी सांगलीच्या मुलाने हॉटेलचा एक टॉवेल घडी करून कोपराखाली घेतला आणि खुर्ची खाली करून मागितली. नाश्त्याच्या वेळी आम्ही स्टीलची बाटली गरम पाण्याने भरून घेतली. ती पाचही जणांत फिरत राहिली. कर्णधाराने माइकचा आवाज वाढवला, आणि आदल्या रात्री ठरवले होते की कोपऱ्यांतून घाई करायची नाही, समोरच्याला येऊ द्यायचे. पराभूतांच्या गटातला तो सामना आम्ही यजमान देशाच्या एका अनुभवी संघाशी खेळलो आणि 16-14 असा हरलो. स्पर्धेतून बाहेर पडलो. परंतु तीच पाच मुले चोवीस तासांत 16-5 वरून 16-14 वर आली होती, आणि हे अंतर त्यांनी पुण्यातल्या सहा महिन्यांच्या सरावात कापलेले नव्हते.

परत आल्यावर मालकांनी बैठक घेतली. त्यांच्या वहीत दोन नोंदी होत्या: खर्च ₹2,30,000 आणि विजय शून्य. त्यांनी विचारले, "पर्यटनावर पैसे घालवायचे होते तर तसे सांगायचे होते." दुसऱ्या सामन्याचा आकडा त्यांनी ऐकून घेतला नाही. दोन महिन्यांनी काउंटर-स्ट्राइकचा संघ बंद झाला आणि त्यांनी पबजी मोबाइलचा संघ उभा केला. विचार असा की प्रेक्षक इथे आहेत, प्रायोजक इथे आहेत, थेट प्रक्षेपणातून रोजची कमाई इथेच आहे, मग परदेशाची गरज काय.

2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होते. एका संध्याकाळी तो संपूर्ण संघ बेकार झाला. 2021 च्या जुलैमध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती, आले, 28 जुलै 2022 रोजी तेही स्टोअरवरून काढले गेले आणि मे 2023 मध्ये परतले. मी हे कोणाच्या नुकसानीवर समाधान मानण्यासाठी लिहीत नाही. त्या संघातल्या मुलांना मी ओळखत होतो आणि त्यांचे हाल मी पाहिले आहेत. परंतु देशातली बाजारपेठ सुरक्षित आणि परदेश म्हणजे जुगार, हा हिशेब चुकीचा होता, हे नोंदवले पाहिजे. जुलै 2022 मध्ये तो खेळ देशात बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतच टीम सोल हा भारतीय संघ रियाधच्या जागतिक स्पर्धेत खेळत होता. त्या काळात त्यांच्यासाठी उघडे असलेले मैदान परदेशातच होते.

आपण म्हणता की आपले लोक तिथे हरतातच. नेहमी नाही. 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत, ई-स्पोर्ट्स केवळ प्रात्यक्षिक म्हणून होते तेव्हा, भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये कांस्यपदक मिळवले. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स अजिंक्यपद स्पर्धेत आपल्या डोटा 2 संघाने कांस्य आणले. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, जिथे ई-स्पोर्ट्सची पदके या स्पर्धेत प्रथमच अधिकृत धरली गेली, आपला लीग ऑफ लीजेंड्सचा संघ उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला. यात नवल काहीच नव्हते. व्हिएतनामचे संघ त्याआधी कित्येक वर्षे जागतिक स्पर्धेत जाऊन मार खात, शिकत आलेले होते.

आणि ज्या मंगोलियाशी आम्ही 16-5 हरलो, त्या देशाकडे पाहा. लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास, म्हणजे पिंपरी-चिंचवडसह आपल्या पुण्यापेक्षा कमी. तिथला द मंगोल्झ हा संघ वर्षानुवर्षे बाहेर जाऊन हरत राहिला. जून 2025 मध्ये तो ऑस्टिन मेजर या काउंटर-स्ट्राइकच्या सर्वोच्च दर्जाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रियाधला ई-स्पोर्ट्स विश्वचषकातली काउंटर-स्ट्राइकची स्पर्धा जिंकला. त्या मुलांना कोणा मालकाने पहिल्या पराभवानंतर पर्यटनाचा हिशेब विचारला असता, तर हे घडले असते का?

माझ्या मताला काही मर्यादा आहेत, त्या सांगणे आवश्यक आहे. जो संघ खेळाडूंचे पगार वेळेवर देऊ शकत नाही, त्याने आधी पगार द्यावेत. थकलेल्या पगारावर परदेश दौरा करणे ही मुलांची फसवणूक आहे. ज्यांच्या बारावीच्या किंवा पदवीच्या परीक्षा तोंडावर आहेत, त्यांच्यावर दबाव आणू नये. परदेशातल्या बक्षिसाच्या रकमेतून अनेकदा तिथला कर कापला जातो आणि उरलेले पैसे हातात पडायला महिने लागतात, त्यामुळे बक्षिसाच्या भरवशावर कर्ज काढून जाऊ नये. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली, हे चांगलेच झाले. परंतु त्या पैशांच्या खेळांच्या कंपन्या अनेक संघांच्या प्रायोजक होत्या, त्यामुळे आज हात आखडता असणारे मालक खोटे बोलत नाहीत, हेही मी मान्य करतो.

अशा वेळी युरोपऐवजी आग्नेय आशियापासून सुरुवात करावी. शेंगेन व्हिसाच्या निर्णयाला साधारण पंधरा दिवस आणि काही प्रकरणांत पंचेचाळीस दिवसांपर्यंत लागतात, आणि पात्रता फेरी संपल्यापासून स्पर्धेपर्यंत अनेकदा तेवढाही अवधी नसतो. मलेशियाने डिसेंबर 2023 पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत विनाव्हिसा प्रवेश दिला आहे. निघण्याआधी नियम मात्र नव्याने तपासून घ्यावेत. पासपोर्ट संघात घेतानाच काढून ठेवावेत, पात्र ठरल्यावर नव्हे.

आपला संघ खरोखरच पात्र ठरलेला असेल आणि मालक विचारत असतील की तीन दिवस आधी जाऊन काय करायचे आहे, तर त्यांना सांगा की पहिल्या दिवशी मुलांना वेळेवर झोपवायचे आहे, दुसऱ्या दिवशी आयोजकांकडे सरावासाठी मागून तिथल्याच टेबल-खुर्चीवर बसवायचे आहे, आणि तिसऱ्या दिवशी लॅनवर कोणाशी तरी हरवून घ्यायचे आहे, म्हणजे 16-5 चा सामना स्पर्धेच्या आधीच होऊन जाईल. आमच्या बाबतीत या तीन दिवसांपैकी दोन दिवसांची किंमत ₹27,000 होती.