पृष्ठवंशातला 'वंश' कुठला?

प्रश्न दोन भागांचा आहे : समुद्रघोड्याला पृष्ठवंशी म्हणावे का, आणि या शब्दातील 'वंश' म्हणजे कुळच ना?

समुद्रघोडा हा कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा आहे आणि त्याला मणके आहेत, त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर 'होय' एवढेच. मात्र तो पृष्ठवंशी आहे, 'पृष्ठवंशीय' नव्हे. हे दुसरे रूप सतत कानी पडते आणि दर वेळी खटकते. 'ईय' हा प्रत्यय संबंध दाखवतो, म्हणून वेदना पृष्ठवंशीय असू शकते. पण पक्ष म्हणजे पंख असलेला तो जसा पक्षी, तसा पृष्ठवंश असलेला तो पृष्ठवंशी. रूढीचा आधार देणाऱ्यांनी आधी हा प्रत्ययभेद खोडून दाखवावा.

आता 'वंश'. येथे कुळाचा काहीही संबंध नाही. वंश म्हणजे वेळू. ऋग्वेदात (१.१०.१) स्तोते इंद्राला 'वंशासारखे' उंच उचलतात, ते वेळूच्या खांबासारखे. घराचा वासा याच शब्दातून आला. पाठीत मणक्यावर मणका रचलेला असतो, जसे वेळूत पेरावर पेर. ते पाहूनच कोणा सूक्ष्म नजरेच्या माणसाने पाठीतल्या या वेळूला पृष्ठवंश म्हटले असावे. माझे तर ठाम मत आहे की पिढीतून पिढी फुटते हा कुळाचा अर्थही त्याच पेरांवरून आला. वेळू, कणा, कुळ असे अर्थ नुसते ओळीने मांडून थांबणारे कोशकार शब्दाचा प्राणच वगळतात. लॅटिनमधील 'व्हर्टेब्रा' हा शब्द 'वळणे' या क्रियापदापासून आला. त्यात मणक्याची हालचाल आहे, आपल्या शब्दात सबंध कण्याची रचना आहे.

ही रचना समुद्रघोड्यात आतही आहे आणि बाहेरही. त्याच्या अंगावर खवले नसतात. त्वचेखाली हाडांच्या पट्ट्यांची कडी असतात आणि त्यांमुळे शरीर पेरापेरांचे दिसते. नेमके हेच पाहून काही जण त्याला कोळंबीच्या पंक्तीत बसवतात. कोळंबीचे शरीरही खंडांचे असते, पण त्या खंडांच्या आत मणका नसतो. समुद्रघोड्याच्या शेपटीच्या प्रत्येक पेरात मध्यभागी एक मणका आणि त्याभोवती चार काटकोनी पट्ट्या असतात. म्हणून ती शेपटी गोल नसून चौकोनी असते, आणि पाणगवताला विळखा घालताना त्या पट्ट्या एकमेकींवरून सरकतात.