ऑप-अँप आणि कपॅसिटर वापरून 'स्केलर' किंवा गुरुत्वलहरी पकडणारा डिटेक्टर घरी बनवता येतो का?

सर्किट नक्की बनेल आणि त्याला लावलेल्या मीटरची सुईही नक्की हलेल. मात्र ती 'स्केलर' लहरींमुळेच, म्हणजे ज्यांचा मान्य पुरावा नाही अशा कल्पित लहरींमुळेच, हलते असे म्हणण्याआधी जे करावे लागते, त्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखही नाही. ऑप-अँप (क्षीण सिग्नल मोठा करणारी चिप) कोणता घ्यावा, कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) किती मूल्याचा असावा आणि सगळे धातूच्या डब्यात बंद केले की रेडिओलहरींची शंका मिटते का, असे तुम्ही विचारले आहे. यातल्या तिसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात मोठा वाद झालेला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ही रचना नवी नाही. १९८६ साली 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकात ग्रेगरी होडोवॅनेक यांचा गुरुत्वलहरींवरचा लेख आला होता, आणि आज हातोहात फिरणारी बरीच सर्किटे त्याच वळणाची आहेत. ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा करणाऱ्या) इनपुटला एक कपॅसिटर, आउटपुटपासून त्याच इनपुटपर्यंत मोठ्या मूल्याचा फीडबॅक रेझिस्टर, पुढे आणखी एक अँप्लिफायर आणि शेवटी मीटर किंवा स्पीकर, एवढाच त्याचा पसारा असतो.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांनी असाच एक डबा तयार केला होता. दाजींचा हात विलक्षण स्वच्छ. सोल्डरिंग मी त्यांच्याकडूनच शिकलो आणि पुढे मोजमापाची उपकरणे दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय झाला, त्याचे श्रेय त्यांनाच आहे. डब्याजवळ तळहात नेला की मीटरची सुई सावकाश चढू लागे, आणि हात काढल्यावर तितक्याच सावकाश खाली येई. ही माणसाची प्राणशक्ती, असे दाजींचे म्हणणे होते. तिथवर माझी हरकत नव्हती. पण पुढे ते सुई किती चढली यावरून लोकांच्या प्रकृतीविषयी बोलू लागले. माझ्या आत्याचे हात कायम गार असत. तिची सुई जेमतेम हलली, तेव्हा 'तुमची शक्ती ओसरत चालली आहे' असे त्यांनी तिला सांगितले, आणि आत्याने त्या बोलण्याचा इतका धसका घेतला की तिला झोप लागेना. त्यानंतर गप्प राहणे मला शक्य नव्हते.

मला खटकली ती सुईची चाल. विद्युत किंवा चुंबकीय परिणाम असता तर सुई हात येताक्षणी हलली असती. ही मात्र एखादी वस्तू तापावी तशी रेंगाळत चढत होती. म्हणून मी डबा आणि बसणारा माणूस यांच्यामध्ये एक जाड कापड टांगले. कापडाआड कधी माझा तळहात, कधी कोमट पाण्याची बाटली आणि कधी गार पाण्याची बाटली डब्याजवळ जाई. कोणती पाळी कशाची, हे शेजारच्या खोलीत बसलेला भाचा चिठ्ठ्या उचलून ठरवी आणि लिहून ठेवी. दाजींनी फक्त सुईकडे पाहून 'माणूस' किंवा 'वस्तू' एवढेच सांगायचे होते. कोमट बाटली आणि तळहात यांतला फरक त्यांना ओळखता आला नाही, आणि गार बाटली जवळ आली की सुई उलट दिशेला गेली.

कारण साधे होते. दाजींनी वापरलेल्या ७४१ या ऑप-अँपचा इनपुट बायस करंट (इनपुटमधून सतत वाहणारा सूक्ष्म प्रवाह) सर्वसाधारणपणे ८० नॅनोअँपिअरच्या घरात असतो. तो १ मेगओहमच्या फीडबॅक रेझिस्टरमधून वाहिला की आउटपुटला सुमारे ८० मिलिव्होल्ट दिसतात, आणि हा करंट तापमानाबरोबर बदलतो. पुढच्या अँप्लिफायरने तो बदल वाढवला की सुई चालू लागते. दाजींचा डबा हे एक संवेदनशील तापमापक होते, आणि आत्याच्या गार हातांविषयी त्याने अगदी बरोबर माहिती दिली होती.

तुमच्या डब्याच्या प्रश्नाकडे येतो. 'धातूच्या डब्यातही सिग्नल येतो, म्हणजे तो विद्युतचुंबकीय नाही' हा दाजींचा सर्वांत आवडता मुद्दा होता आणि तो साफ चुकीचा आहे. घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल, तर तांब्यातली तिची स्किन डेप्थ (क्षेत्र बरेच ओसरेपर्यंत धातूत जितके खोल शिरते ती खोली) नऊ मिलिमीटरांहून अधिक भरते, आणि ॲल्युमिनियममध्ये ती त्याहूनही जास्त असते. मग पातळ ॲल्युमिनियमचा डबा ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र काय अडवणार? शिवाय डब्यातून बाहेर येणारी प्रत्येक वायर ही एक अँटेना असते. जवळच्या जीएसएम मोबाइलचा सुमारे २१७ हर्ट्झचा गुरगुराट अशाच वायरींमधून आत शिरतो आणि स्पीकरवर थेट ऐकू येतो. तो 'अवकाशातला संदेश' म्हणून रेकॉर्ड करून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत.

कपॅसिटरच्या मूल्याबद्दलही एक मोठी फसगत आहे. मूल्य वाढवले की सिग्नल वाढतो, म्हणून मोठा कपॅसिटर जास्त लहरी पकडतो, असे सांगितले जाते. वास्तविक या रचनेत ऑप-अँपचा स्वतःचा इनपुट नॉइजच (अंगभूत खरखर) फीडबॅक रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो. १ मेगओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले तर १०० हर्ट्झला तो सुमारे ६३ पट होतो, आणि कपॅसिटर दुप्पट केला की जवळपास दुप्पट. बाहेरून काहीही आलेले नसताना हे घडते. त्यात सिरॅमिक कपॅसिटर स्वस्त जातीचा असेल तर तो पीझोइलेक्ट्रिक गुणामुळे (दाब पडला की वीज निर्माण होण्यामुळे) टेबलाचे हादरेही सिग्नलमध्ये मिसळतो.

दाजींना हे सगळे दाखवल्यावर ते म्हणाले, "तुझं शिक्षण तुझ्या डोळ्यांवर आलंय. प्रत्येक गोष्ट मोजता येत नाही." मी म्हणालो, "दाजी, मग मीटर कशाला लावलात?" हे बोलणे बहिणीला लागले आणि बरेच दिवस आमचे येणेजाणे थांबले, तरी त्या प्रश्नावर मी आजही ठाम आहे. अनुभूती सांगायची असेल तर जरूर सांगावी. परंतु एकदा सुई लावली की सुईचे नियम पाळलेच पाहिजेत.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही त्यातून सूट मिळालेली नाही. १९०३ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी इथे भौतिकशास्त्रज्ञ रने ब्लाँद्लो यांनी 'एन-किरण' नावाचे नवे किरण सापडल्याचे जाहीर केले. १९०४ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि अंधारात त्यांनी उपकरणातला ॲल्युमिनियमचा प्रिझम गुपचूप काढून घेतला. तरीही निरीक्षणे पूर्वीसारखीच येत राहिली, म्हणजे ते किरण नव्हतेच. याउलट अमेरिकी अभियंते कार्ल जान्स्की यांना १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला २०.५ मेगाहर्ट्झवर एक खरखर ऐकू आली, तेव्हा त्यांनी ती किती वेळाने परत येते हे महिनोन्‌महिने पाहिले. ती २४ तासांनी नव्हे, तर सुमारे २३ तास ५६ मिनिटांनी परत येत होती, म्हणजे उगम सूर्याशी नव्हे तर ताऱ्यांशी बांधलेला होता. रेडिओ खगोलशास्त्र तिथून सुरू झाले. तुमचा सिग्नल आकाशगंगेच्या केंद्राकडून येत असेल, तर तो रोज सुमारे चार मिनिटे आणि महिन्याभरात सुमारे दोन तास अलीकडे सरकला पाहिजे. घड्याळातल्या त्याच वेळेला चिकटून राहिला, तर आधी खोलीचे तापमान तपासा.

गुरुत्वलहरींविषयी, म्हणजे अवकाश-काळातल्या तरंगांविषयी, तर भ्रमात राहूच नका. अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली ती चार किलोमीटर लांबीच्या भुजा वापरून, आणि लांबीतला तो बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षा कित्येक शे पटींनी लहान होता. तीच लहर सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी, सात मिलिसेकंदांच्या फरकाने नोंदली गेली, म्हणून ती ग्राह्य धरली गेली.

तरीही बनवायचेच असेल तर ७४१ ऐवजी सीए३१४० सारखा मॉस्फेट इनपुटचा, म्हणजे बायस करंट अगदी नगण्य असलेला, ऑप-अँप, फिल्म कपॅसिटर आणि बॅटरी वापरा. तापमानाचा सेन्सर आतच बसवून त्याची नोंद सिग्नलच्या शेजारी ठेवा. असे दोन डबे करा आणि ते दोन वेगळ्या घरांत ठेवा. दोन्हींवर एकाच वेळी काही आले तरच पुढचा विचार करा. कोणता निकाल आला तर लहरींचा दावा सोडून द्याल, ते बॅटरी जोडण्याआधी लिहून दुसऱ्या कोणाकडे द्या. दाजींनी हे लिहून द्यायला शेवटपर्यंत नकार दिला.

एक सांगायचे राहिले. अज्ञात असे काही उरलेच नाही, असे माझे म्हणणे नाही. घरी बसून आकाशातले खरोखर काही पकडायचे असेल, तर तारेच्या मोठ्या वेटोळ्याची अँटेना संगणकाच्या साउंड कार्डला जोडून अतिनिम्न वारंवारतेची दूरची प्रक्षेपण केंद्रे ऐका. दिवसा सौरज्वाला झाली की त्यांच्या सिग्नलची पातळी अचानक बदलते, आणि तुमची नोंद उपग्रहांच्या क्ष-किरण मापनाशी मिनिटामिनिटाने ताडून पाहता येते. मात्र लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर तोच ऐकू येईल.