लेकरांचा तंबू: ओसरीत की अंगणात?

प्रश्न: ताई, नात पाच वर्षाची आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यावरून येणार आहे. तिले खेळायचा तंबू घ्यायचा म्हणतो आम्ही. मोबाईलवर पाहिलं तं शंभर प्रकारचे दिसते. कोणता घ्यावा, आन अंगणात निंबाखाली लावला तं चालते का?
- एक आजी, दारव्हा तालुका

उत्तर: आजी, आधी अंगणाचंच सांगते कारण तंबू कोणता घ्यायचा हे त्याच्यावरच ठरते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, नवतपा लागला की तं सकाळी नऊलाच अंगण तापून जाते, निंबाची सावली असली तरी तंबूत हवा कोंडते आणि लेकरू खेळायच्या नादात पाणीसुद्धा मागत नाही. म्हणून सकाळी आठपर्यंत आणि ऊन उतरल्यावर अंगण, बाकी दिवसभर ओसरी. दोन बाजूंनी उघडणारा आणि जाळीची खिडकी असलेलाच घ्या.

आता कापड. पिशवीतून काढला की फटकन उघडणारे तंबू असतात ना, ते पॉलिस्टरचे, आत स्टीलची वायर. हलके आहेत, स्वस्त आहेत, पण आत गरम होते आणि आग लागली तर ते कापड वितळून अंगाला चिकटते. घेतला तर चूल, देवाजवळचा दिवा, मच्छर अगरबत्ती यांच्यापासून लांबच लावा. आयएसआयचा शिक्का आहे का तेही पहा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर तो सक्तीचा आहे आणि लेकरू ज्याच्या आत शिरते अशा खेळण्यांच्या कापडाची आगीची चाचणीही त्या नियमात येते.

मला विचाराल तर सुती घ्या. कापूस पिकवणारा आपला मुलुख, आणि भर उन्हाळ्यात लेकराला पॉलिस्टरमध्ये कशाला बसवायचं? मी तर माझ्या नातवासाठी घरीच केला, बुरडाकडून सहा फुटी चार बांबू आणले, पॉलिश पेपरनं घासून त्यांचे कुसळ काढले, वर सुतळीनं घट्ट बांधले आणि सासूबाईंचं जुनं लुगडं गुंडाळलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, आतून हिरवा उजेड पडतो, नातू तिथून जेवायलासुद्धा निघत नाही. बांबू खाली सरकू नयेत म्हणून चारही पाय एकमेकांना दोरीनं बांधा, आणि लांब दोऱ्या, झालरी लोंबत ठेवू नका, गळ्यात अडकतात.

आणि कूलर! तंबू कूलरसमोर लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण लोखंडी कूलरमध्ये करंट उतरला की लेकराचा ओला हात पुरेसा आहे. हात पोचणार नाही इतकं अंतर ठेवा, चार-पाच फूट तरी.

प्रश्न: मागच्या वर्षी घेतलेला सुती तंबू पावसाळाभर खोलीत उभा होता, आता कुबट वास येते आणि खाली काळे ठिपके पडले. टाकून द्यावा का?
- एक आई, आर्वी

उत्तर: टाकू नका बाप्पा. ते ठिपके बुरशीचे आहेत, ओल धरून राहिली की येतात. काठ्या काढा, कापड आधी बाहेर नेऊन ब्रशनं झाडा, मग साध्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून हातानं धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. डाग थोडे राहतील, वास जाईल. ठेवताना डांबरगोळ्या नको, लेकरं तोंडात घालतात, निंबाचा वाळलेला पाला ठेवा.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे ताई, पावसाळ्यात तंबू उभाच ठेवू नका. आमच्या ओसरीत एकदा दोन दिवस तसाच राहिला, तिसऱ्या दिवशी सकाळी खालची सतरंजी उचलली तं कोपऱ्यात विंचू, नांगी वर करून, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर नातवाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पडलेला. तेव्हापासून दिवाबत्तीच्या आधी तंबू उतरवायचा, सतरंजी झटकायची आणि सगळं खुंटीवर टांगायचं, हे मी एक दिवस चुकवत नाही. तंबूत लेकरांना रात्री झोपू तर अजिबात देऊ नका. मण्यार साप जास्त करून रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि बरेचदा चावल्याचं कळतही नाही. झोपायला बाज आणि मच्छरदाणी. सकाळी लावायच्या आधीही कापड पुन्हा झटका, लेकरालाही ती सवय लावा, आमचा नातू आता स्वतःच झटकतो आणि मोठ्यानं "नाही कोणी!" म्हणून सांगतो.

प्रश्न: फटकन उघडणारा तंबू बंदच होत नाही, दोनदा वायर वाकली.
- एक बाबा, मूर्तिजापूर

उत्तर: दादा, जोर लावू नका. आधी चारही बाजू वहीच्या पानांसारख्या एकावर एक आणा. मग वरचं टोक धरून खाली दाबत डमरूसारखा पीळ द्या, म्हणजे वायरचे गोल आपोआप एकमेकांवर बसतात, लगेच पट्टा लावा. हे करताना लेकरू बाजूला असू द्या, वायर सुटली तर तोंडावर येते. आणि वायर कापडातून बाहेर आली असेल तर जाड दोऱ्यानं शिवून घेतल्याशिवाय पुन्हा उघडू नका.