इस्रोत जायचंय आणि मेकॅनिकल इंजिनीअरिंगला आहेस? मग योग्य जागीच आहेस

‘एरोस्पेसच घ्यायला हवं होतं’ ही हळहळ आधी सोड. इस्रोची शास्त्रज्ञ-अभियंता ‘एससी’ (हे पदश्रेणीचं नाव, जातीचा प्रवर्ग नव्हे) या पदाची भरती मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर या शाखांमधूनच होते. अट पदवीच्या सरासरी गुणांची असते: ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए. त्यामुळे एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) कसंबसं काढून चालणार नाही, हे आत्ताच ध्यानात घे.

हीट ट्रान्सफर मात्र अगदी जीव लावून कर. अंतराळात हवाच नाही, म्हणजे पंख्याने काही गार करता येत नाही. उष्णता वहनाने बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत न्यायची आणि तिथून प्रारणाने अवकाशात सोडायची. व्हायब्रेशनचंही तसंच, उड्डाणाचे हादरे सोसले तरच पुढचं सगळं.

कॉलेजात सॅटेलाइट टीम असेल तर याच वर्षी शीर. पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभराहूनही हलका ‘स्वयम्’ उपग्रह जून २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून कक्षेत गेला. आणि एक कळकळीने सांगते: टीममध्ये मुलींकडे रिपोर्ट आणि स्पॉन्सरशिप सरकवली जाते. ते जरूर कर, पण लेथ, सोल्डरिंग, टेस्टिंग सोडू नकोस. मुलाखतीत हाताने काय केलंस तेच विचारतात.

घरचे ‘मुलीला झेपेल का’ म्हणाले तर चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल यांची नावं सांग.

इंटर्नशिपसाठी फक्त बंगळुरूच्या इस्रोकडे बघू नकोस. इस्रोच्या रॉकेटचं ‘विकास’ इंजिन मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्येही बनतं. तिथेही अर्ज टाक.